तेरेखोलला बंड केले कोणी?

पेडण्याच्या टोकाला तेरेखोलचा किल्ला पाहायला गेलेल्या पाहुण्याला एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. बर्नार्दो पेरेस द सिल्व्हा या गोमंतकीयाने 1825 मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध बंड केले, किल्ला घेतला आणि तो हरला. त्या काळाच्या अभ्यासकाला यातले साल तर खटकतेच, पण खरी गफलत पुढे आहे. 1835 मध्ये बंड झाले ते पेरेस द सिल्व्हांच्याच विरुद्ध.

पेरेस द सिल्व्हा तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. पोर्तुगालमध्ये 1820 ची क्रांती होऊन संसद आली, तेव्हा गोव्याने पाठवलेल्या पहिल्या प्रतिनिधींत ते होते. पुढे निरंकुश राजसत्ता परतली आणि त्यांना परागंदा व्हावे लागले. 1834 मध्ये उदारमतवाद्यांची सरशी झाली आणि लिस्बनने त्यांनाच प्रीफेक्ट, म्हणजे गोव्याचे प्रमुख, नेमून पाठवले. 14 जानेवारी 1835 ला त्यांनी सूत्रे घेतली आणि 1 फेब्रुवारीला सैन्याने उठून त्यांना पदावरून खेचले. त्यांनी मुंबई गाठली.

पतन इतके झटपट का झाले? प्रीफेक्टकडे मुलकी कारभार होता, लष्कर नव्हे. लष्करातल्या मोक्याच्या जागा गोव्यातच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पोर्तुगीज वंशाच्या घराण्यांकडे होत्या. एका स्थानिक माणसाने येऊन जुन्या अधिकाऱ्यांना हात लावावा, हे त्यांना रुचणारे नव्हते.

मेमध्ये पणजीजवळच्या गास्पार दियशच्या गढीत प्रीफेक्टच्या बाजूच्या शिपायांची कत्तल झाली. त्याच धामधुमीत तेरेखोल त्यांच्या समर्थकांनी धरले आणि तिथेही तेच घडले. जागा मात्र अचूक निवडली होती. किल्ला नदीच्या उत्तर काठावर, उरलेल्या पेडण्यापासून तुटलेला. आजही गोव्यातून थेट जायचे तर केरीहून फेरीबोटीने जावे लागते. पाठीशी थेट सावंतवाडीचा मुलूख. त्याच मुलखातून डिचोली 1781 ला आणि पेडणे 1788 ला, म्हणजे अलीकडेच, पोर्तुगीजांकडे आले होते. किल्ल्यातले लोक कायदेशीर सत्तेच्या बाजूचे होते; बंडखोर त्यांना मारणारे होते. पण जिंकणाऱ्यांनी शिक्का हरलेल्यांवर मारला.

असे शिक्के जगभर मारले जातात. मंगोलियाचे पंतप्रधान गेंदेन स्टालिनला पुरेसे नमले नाहीत. 1936 मध्ये त्यांचे पद गेले आणि 1937 मध्ये त्यांना मॉस्कोत गोळ्या घातल्या. ठपका होता जपानच्या हेरगिरीचा. तो पुढे पुसला गेला आणि 1996 मध्ये त्यांच्या मुलीने उलानबातरला अशा बळींचे संग्रहालय उभारले.

पेरेस द सिल्व्हांचा जीव वाचला. दमणमधून त्यांनी काही काळ कारभार पाहिला. पण 1837 मध्ये लिस्बनने नवा गव्हर्नर जनरल धाडला आणि बंडवाल्यांचे फावले. 1844 मध्ये पेरेस द सिल्व्हा वारले. 1961 पर्यंत पोर्तुगीजांनी गोव्याच्या सर्वोच्च पदावर दुसरा गोमंतकीय बसवला नाही. तेरेखोलच्या पाहुण्याला सांगायचेच, तर हे सांगावे.