लेहच्या वाटेवरचा वाटाड्या

लडाखयात्रेसाठी खाकऱ्यांपासून लोकरी मोज्यांपर्यंत सारे जमवले. वाट दाखविणाऱ्या साधनाचा विचार मात्र शेवटी झाला. ज्येष्ठ बंधूंनी गार्मिनचे ईट्रेक्स घेतले. ते दोन पेन्सिल सेलवर चालते आणि सेल किराणा दुकानातही मिळतात, हा त्यांचा व्यापारी हिशेब! मला फोन पुरेसा वाटला. बाहेरची प्रीपेड सिमे तेथे चालत नाहीत. पण जीपीएसला नेटवर्क लागतच नाही, ते लागते नकाशा उतरविण्यास. म्हणून ऑसमअँडवर त्या भागाचा नकाशा घरीच उतरविला. (उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी यंत्रे मात्र आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगू नयेत.)

पँगाँगहून परतताना हिम भुरभुरू लागले. दुर्बुकच्या फाट्यावर एक रस्ता श्योककडे, दुसरा चांग-ला खिंडीवरून लेहकडे जातो. नेमका तेथेच थंडीने फोन मिटला. चार्जरची वायर मुक्कामी राहिलेली. आईला घेऊन गाडीत रात्र काढणे शक्यच नव्हते. बंधूंच्या यंत्रात सकाळी आलेल्या वाटेची रेघ उमटली होती. तिच्यावरून आम्ही गाडी डावीकडे वळविली.

खिंड ओलांडल्यावर आईने एवढेच विचारले, “दादा, त्या डबीचे जादा सेल आहेत ना रे?”