आप्पा बळवंत चौकातली न मारलेली चक्कर

दोन-एक महिन्यांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, हिंजवडी, ऑफिसखालची चहाची टपरी. टीममधली एक मुलगी कटिंग हातात घेऊन शेजारी उभी राहिली. मुलगी हुशार, कामाला चोख, तीन वर्षांचा अनुभव, मूळची तासगावची. थोडं इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदम म्हणाली, "दादा, मी पेपर टाकतेय."

"कुठली ऑफर मिळाली?"

"ऑफर नाही. ऑनलाइन बेदाणे विकणार."

आता तासगाव म्हणजे द्राक्षं आणि बेदाणे, हे वेगळं सांगायला नको. तिच्या वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे. शेडमध्ये रॅकवर बेदाणा सुकवायचा, पंधरा किलोचे बॉक्स भरायचे, कोल्ड स्टोरेजला ठेवायचे आणि सौद्यात जो भाव निघेल तो घ्यायचा. तोच बेदाणा पुण्यातल्या दुकानात कितीला मिळतो हे तिने इथे आल्यावर पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. (कुणाचंही फिरेल!)

प्लॅन तयार होता. सहा महिने घरी बसून ॲप लिहायचं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा, ऑर्डर ट्रॅकिंग, पॉइंट्स, झालंच तर बेदाण्याच्या पाककृती सुचवणारं काहीतरी. स्वतःची बचत तीन लाख. आणि वडिलांना तिने सांगून ठेवलं होतं की यंदा दोन टन माल सौद्याला नेऊ नका, मी विकते. दोन टन म्हणजे सव्वाशेच्या वर बॉक्स! वडील "बरं" म्हणाले होते. मुलगी इंजिनियर आहे, पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, ती म्हणतेय म्हणजे होणारच.

मी विचारलं, "आत्तापर्यंत किती किलो विकलेस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अजून ॲप कुठे झालंय, दादा?"

हे ऐकून माझा चहा थंड झाला. कारण अगदी हेच उत्तर मी २००९ साली एकाला दिलं होतं.

तेव्हा मी आणि माझा रूममेट कर्वेनगरला राहायचो. आमची आयडिया होती इंजिनियरिंगची जुनी पुस्तकं ऑनलाइन विकायची. वर्ष संपलं की पोरं पुस्तकं रद्दीत घालतात, आणि पुढच्या बॅचची पोरं तीच नवी विकत घेतात. मधे आपण उभं राहायचं. आयडिया आजही वाईट वाटत नाही मला.

सात महिने आम्ही शनिवार-रविवार कोड लिहिला. रूममेटने तर चौथ्या महिन्यात नोकरीच सोडली. लोगो तीनदा बदलला. "हे पुस्तक घेणाऱ्यांनी हेही घेतलं" दाखवणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, तोही एकही पुस्तक विकलं गेलेलं नसताना :) एकदम दहा हजार लोक आले तर सर्व्हर बसेल का, यावर आम्ही एक अख्खी रात्र भांडलो. दहा हजार सोडा, दहा लोक आले नाहीत तर काय, यावर मात्र एकदाही बोललो नाही.

शेवटी साइट सुरू झाली. चौथ्या दिवशी पहिली खरी ऑर्डर आली. म्हणजे मित्र किंवा मित्राची बहीण नव्हे, पूर्ण अनोळखी माणूस. नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजचा मुलगा, सेकंड इयर, एम-थ्रीचं पुस्तक. नेट बँकिंगने पैसेही भरले त्याने. आम्ही आनंदाने नाचलो.

मग कळलं की ज्याने ते पुस्तक विकायला लावलं होतं त्याने ते कधीच कुणालातरी देऊन टाकलंय. आमच्या सिस्टिममध्ये याचीही सोय होती. मीच लिहिली होती. "क्षमस्व, हे पुस्तक उपलब्ध नाही, आपले पैसे सात ते दहा दिवसांत परत मिळतील" असं ईमेल आपोआप गेलं. सगळं कसं व्यवस्थित!

त्या मुलाचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंग संपल्यावरही मी उलटा फोन केला नाही. काय बोलायचं तेच सुचेना. दुसऱ्या दिवशी त्याचं ईमेल आलं. परीक्षा आठ दिवसांवर आहे, गावात पुस्तक मिळत नाही, काहीही करून पाठवता का?

आणि आता गंमत बघा. आम्ही राहत होतो तिथून आप्पा बळवंत चौक बाइकवर वीस मिनिटं. तिथे ते पुस्तक नवं, जुनं, कसंही मिळालं असतं. शंभर-दीडशे रुपये पदरचे गेले असते. संध्याकाळी एसटीने पार्सल टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात. आम्ही दोघांपैकी कुणालाही हे सुचलं नाही. खरं सांगायचं तर रूममेटला सुचलं होतं. मीच म्हणालो, "अरे, असं एकेकासाठी धावत बसलो तर हे स्केल कसं होणार?"

स्केल! एका ऑर्डरवर!

२०११ मध्ये साइट बंद केली. एकूण ऑर्डरी एकोणीस. रूममेटचा पीएफ त्यात गेला. तो आधीपेक्षा कमी पगारावर पुन्हा नोकरीला लागला आणि जवळपास दोन वर्षं आम्ही धड बोललो नाही. एम-थ्रीच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, ते कधीच कळलं नाही.

असो.

नंतर बऱ्याच वर्षांनी फ्लिपकार्टच्या पहिल्या ऑर्डरची गोष्ट वाचली. सचिन आणि बिन्नी बन्सल, दोघेही ॲमेझॉनमधली नोकरी सोडलेले प्रोग्रामर, २००७ साल, बंगळूरमधला एक फ्लॅट. पहिली ऑर्डर आली ती महबूबनगरहून, 'लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टू चेंज द वर्ल्ड' या पुस्तकाची. आणि पुस्तक त्यांच्याकडे नव्हतंच! मग दोघं बंगळूरमधली दुकानं पालथी घालत फिरले, पुस्तक शोधून काढलं आणि पाठवलं. पुस्तकांच्या दुकानांबाहेर उभं राहून ते लोकांना बुकमार्कही वाटायचे. पुढे २०१८ मध्ये वॉलमार्टने त्यांच्या कंपनीचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलर्सना घेतला, हे सगळ्यांना माहीत आहे. माझा जीव मात्र त्या पहिल्या पुस्तकापाशीच अडकला. धंदा तोच, अडचण तीच. फरक एका चकरेचा.

(आम्हीही गेलो असतो तर फ्लिपकार्ट झालो असतो, असलं काही मी म्हणत नाहीये हं. पण त्या पोराला पुस्तक मिळालं असतं, आणि आम्हाला सात महिन्यांत कळलं नाही ते एका दिवसात कळलं असतं. ते म्हणजे, पोरांना स्वस्त पुस्तकापेक्षा वेळेवर मिळणारं पुस्तक हवं असतं.)

असल्या गोष्टी मग मी शोधून शोधून वाचायला लागलो. अमेरिकेतल्या झॅपोसचं घ्या. लोक बूट पायात घालून न बघता विकत घेतील का, हा प्रश्न. १९९९ मध्ये निक स्विनमर्नने गोदाम वगैरे भाड्याने घेतलं नाही. जवळच्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले आणि साइटवर लावले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट घ्यायचे आणि पाठवायचे. नफा शून्य. पण लोक घेतात, हे कळलं. दहा वर्षांनी ॲमेझॉनने ती कंपनीच विकत घेतली.

किंवा आपला रेडबस. २००५ च्या दिवाळीत फणींद्र सामा यांना बंगळूरहून हैदराबादला घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. मित्रांना घेऊन त्यांनी आधी काय केलं? आपण करतो तेच. बस ऑपरेटरांसाठी सॉफ्टवेअर बनवलं. ऑपरेटरांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांना रिकाम्या सीटा भरून हव्या होत्या. हे कळल्यावर ही मंडळी तिकिटं विकायला लागली आणि २००६ मध्ये रेडबस उभा राहिला. सॉफ्टवेअर पुढे उपयोगी पडलंच, पण आधी विश्वास मिळाल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, सगळं हातानेच करायचं तर आपण प्रोग्रामर कशाला झालो? बरोबर आहे. यावर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट जेफ बेझोसची. १९९५ मध्ये ॲमेझॉन सुरू झालं तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी सिमेंटच्या जमिनीवर गुडघ्यांवर बसून पुस्तकं पॅक करायचे. बेझोस म्हणाले, आपल्याला गुडघ्यांना बांधायला पॅड पाहिजेत. शेजारचा म्हणाला, अहो, पॅकिंगसाठी टेबलं पाहिजेत! ही गोष्ट बेझोस स्वतःच हसत सांगतात. मी त्यातून एवढंच घेतलं की जिथे गुडघे दुखतात तिथे टेबल आणायचं. कोडही तिथेच लिहायचा. आमचे गुडघे कुठेच दुखत नव्हते, आणि आम्ही टेबलं आणून घर भरवलं होतं.

धंदा वाढवताना तर हे जास्तच लागू पडतं. वेबव्हॅन नावाची कंपनी होती, किराणा घरपोच देणारी. १९९९ मध्ये त्यांनी ठिकठिकाणी प्रचंड यांत्रिक गोदामं बांधायचं सुमारे १ अब्ज डॉलर्सचं कंत्राट दिलं. पहिल्या शहरातच गणित जमलं नव्हतं. २००१ च्या जुलैमध्ये दुकान बंद. एका पाकिटावर तोटा होत असेल तर हजार पाकिटांवर हजारपट होतो, यात रॉकेट सायन्स नाही. पण उत्साहाच्या भरात दिसत नाही हे खरं.

उलट मुंबईचे आशिष हेमराजानी. १९९९ मध्ये त्यांनी तिकीटविक्रीची कंपनी काढली आणि डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर दीडशे माणसांची सहा उरली. तरी त्यांनी दुकान बंद केलं नाही. थिएटरवाल्यांना तिकीटखिडकीचं सॉफ्टवेअर विकत तग धरला. लोकांकडे नेट आलं, कार्डं आली, मल्टिप्लेक्स वाढले आणि मग २००७ मध्ये बुकमायशो आलं. मधली वर्षं कुणी त्यांच्या मुलाखती घेत नव्हतं. पण त्या वर्षांत ते काहीतरी असं विकत होते ज्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला येत होते. टिकून राहणं म्हणतात ते हे.

तर त्या शुक्रवारी टपरीवर मी तिला यातलं बरंच सांगितलं (चहा तीन झाले). एम-थ्रीच्या मुलाचंही सांगितलं. ते मी ऑफिसात आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणालो, "राजीनामा महिनाभर थांबव. गावाहून वीस किलो आण आणि आपल्या ऑफिसातच विक. पैसे रोख किंवा यूपीआय. उधारी नाही. मित्रांनाही फुकट नाही."

"ऑफिसात बेदाणे विकू? लोक काय म्हणतील?"

हाच तो अडथळा. कोड लिहिताना आपल्याला कुणी "नको" म्हणत नाही. समोरच्याकडे पैसे मागताना म्हणू शकतो. आम्ही सात महिने कोडमागे लपलो होतो ते यालाच घाबरून. हे कळायला मला वर्षं लागली.

सोमवारी ती दोन पिशव्या घेऊन बसमधून उतरली. कान लाल झाले होते.

वीस किलो चार दिवसांत गेले. त्यानंतर तिच्या वहीत जे जमलं ते सहा महिन्यांच्या ॲपमध्ये जमलं नसतं. एकतीस लोकांनी घेतले, पण महिन्याभरात पुन्हा मागितले ते नऊ जणांनी. तिघांनी देठ निघाले म्हणून तक्रार केली. सौद्यात चालतं ते घरच्या डब्यात चालत नाही. बऱ्याच जणांना अर्धा किलोच हवा होता, आणि मुंबईला अर्धा किलो पाठवून पाहिला तर कुरिअर, खोका, पाकीट धरून हातात काहीच उरेना. दोन किलोला मात्र गणित जमलं. मग तिने नियम केला, बाहेरगावी दोन किलोच्या खाली नाही. त्या नऊ जणांना तिने स्वतः फोन केले. त्यातल्या एका बाईंनी सोसायटीत विचारून एकदम अकरा किलोची ऑर्डर दिली.

वडिलांशीही बोलली. दोन टन अडवून ठेवायचा बेत रद्द. दहा बॉक्स ठेवले, बाकीचा माल सौद्याला गेला. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. तीन लाख तिचे होते, ते गेले असते तर परत कमावता आले असते. दोन टन बेदाणा हे वडिलांचं वर्ष होतं.

पेपर तिने अजून टाकलेले नाहीत. कदाचित दिवाळीनंतर टाकेल, कदाचित नाही. ॲपही नाही. एक वही, एक एक्सेल शीट आणि एक वजनकाटा. काल टपरीवर म्हणाली, "दादा, पत्ते हाताने लिहून लिहून बोटं दुखायला लागलीत. लेबल छापायचं एक छोटं स्क्रिप्ट लिहू का?"

म्हटलं, "लिही की! आता खुशाल लिही."

घरी आल्यावर त्या जुन्या रूममेटला फोन केला. आता बोलतो आम्ही. त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "दोन किलो सांग माझ्यासाठी. आणि पैसे आधी घे म्हणावं."