कड जाड, कड बारीक



पणजीच्या डब्यातून न्यू जर्सीला पोचलेल्या १९१८ च्या रुपयाची कड राजाच्या डोक्याकडे रुंद आणि खांद्याखाली दोऱ्याएवढी बारीक आहे, हे तुझ्या फोटोत स्वच्छ दिसतं. खोटा आहे का, आणि खोटा नसेल तर दुर्मीळ आहे का, हे तुझे दोन प्रश्न. नाणी पारखणारा माणूस त्याआधी एक तिसराच विचारतो: हा फरक एका बाजूवर आहे की दोन्ही?

त्याचं कारण टाकसाळीत सापडतं. चांदीच्या पट्ट्यातून गोल चकत्या कापल्या जातात आणि यंत्रात दाबून त्यांचा काठ किंचित उचलून घेतात. ही उचललेली कडच पुढे चित्राला झिजण्यापासून वाचवते. मग चकती पोलादी कॉलरमध्ये, म्हणजे घट्ट वळ्यात, बसते आणि वरचा व खालचा असे दोन ठसे एकाच दाबात तिच्यावर उमटतात. चांदी बाहेर पसरू पाहते, कॉलर तिला अडवते. काठावरचे उभे दातेही तिथेच उठतात. खालचा ठसा सहसा कॉलरच्या आत असल्याने जागचा हलत नाही. वरचा त्या मानाने मोकळा. तो जरासा सरकला, की त्या बाजूचं सगळं चित्र एकीकडे जातं आणि कड एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला अरुंद होते. मागची बाजू मात्र मधोमध राहते.

दोन्ही बाजूंची चित्रं एकाच अंगाला कापली गेली असतील, तर ठशाला दोष देता येत नाही. तिथे चकतीच नीट बसलेली नसते. असं नाणं पुरतं गोल राहत नाही, काठावरचे दातेही अर्धवट असतात. संग्राहक जास्त पैसे मोजतात ते अशा नाण्याला. नुसत्या सरकलेल्या ठशाने किंमत फारशी चढत नाही, हे तुला आताच सांगितलेलं बरं.

शिवाजी महाराजांच्या शिवराईच्या बाबतीत ठसा सरकला की चकती, हा प्रश्नच पडत नाही. तांब्याच्या तुकड्यावर हाताने घाव घालून पाडलेलं ते नाणं. कॉलर नाही, म्हणून काठाला शिस्त नाही. ‘श्री राजा शिव’ ही पूर्ण अक्षरं ज्या नाण्यावर मावली, ते शोधण्यात लोकांचा जन्म जातो.

तुझ्या रुपयाच्या बाबतीत आणखी एक शंका घ्यायला हवी, कारण तो आपल्या घरातला आहे. जुन्या काळी बायका रुपयांचे हार घालत. त्यासाठी सोनार नाण्याला कडी सांधत असे, आणि पुढे हार मोडला की तीच कडी काढून जागा कानशीने घासत असे. तिथली कड बारीक होते, दाते पुसतात, भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात. टाकसाळीच्या चुकीत धातू जागेवरच राहतो, कानशीने तो जातो. म्हणून वजन करायचं: १ तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, हे या रुपयाचं मूळ वजन. वापराच्या झिजेने थोडं कमी भरेल. फार कमी भरलं, तर कानस किंवा खोटेपणा यांचा संशय घ्यावा.

आणि १९१८ हे साल! पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा एवढा तुटवडा पडला, की नोटांच्या बदल्यात रुपये देणं सरकारला जड जाऊ लागलं. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला, त्यानुसार पुढे सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. मुंबई आणि कोलकात्याच्या टाकसाळींनी त्या वर्षी कोट्यवधी रुपये पाडले. इतक्या नाण्यांत एखादा ठसा सरकलेला निघणं अगदी स्वाभाविक आहे. तुझा रुपया मुंबईचा असेल, तर मागच्या बाजूला तळच्या कमळाखाली बारीक उठावदार टिंब दिसेल. त्याच्यातली चांदी अमेरिकेतून आलेली असण्याचीही शक्यता आहे.

आता मागच्या बाजूचा आणि काठाचा फोटो पाठव, काठ सगळीकडून फिरवून घे. कॅलिपरने चार ठिकाणी जाडी मोज. ती सगळीकडे सारखी आणि कडच तेवढी लहानमोठी असेल, तर ठसा सरकल्याची खात्री वाढते. नाणं चिंचेने किंवा पावडरने घासू मात्र नकोस. शंभर वर्षांचा काळपट रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि कानशीचे जुने ओरखडे असलेच तर घासण्याच्या नव्या ओरखड्यांत ते ओळखू येणार नाहीत.

तुझा मामा