चर कुणाच्या रानातून?

नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. पुढच्या पंचवीस वर्षांतच पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवलेल्या जमिनींचा अभ्यास मांडला होता. आमच्या पणदऱ्याच्या शिवारात उन्हाळ्यात मातीवर पांढरी पपडी दिसली की मला या तारखा आठवतात. दुखणं माहीतच नव्हतं, असं आपल्याला म्हणता येत नाही.

मी पाणी वापर संस्थेचं काम पाहतो. आमच्याकडं कालवा वर आणि नदी खाली. वरचा उसाला पाणी तुंबेपर्यंत देतो, ते काळ्या रानात मुरतं आणि मीठ घेऊन खालच्याच्या वावरात वर येतं. ज्याच्या हातून चूक होते त्याचा ऊस हिरवागार असतो, आणि भोगणारा बहुतेक वेळा सभेत मागं बसलेला असतो. पुढाऱ्याला हा विषय नको वाटतो तो इथंच. वरच्याला बोलावं तर वैर येतं. न बोलावं तर लगेच काहीच बिघडत नाही.

मग सोपा ठराव येतो: जिप्समची पोती वाटू. हात वर होतात, फोटो निघतो. चोपण जमिनीला जिप्सम लागतं, ते खरंच आहे. पण त्यानं सुटलेलं मीठ धुऊन बाहेर न्यायला निचरा लागतो. वाट नसेल तर ते तिथंच राहतं. आणि निचऱ्याचा चर ओढ्यापर्यंत न्यायचा तर कुणाच्या तरी बांधातून, उभ्या उसातून जाणार. ‘चर कुणाच्या रानातून?’ हा प्रश्न विचारायचा राहतो, म्हणून पोती वाटली जातात. गप्प बसून एकी टिकते असं मानणाऱ्या नेत्यांचा मला राग येतो. ती एकी खालच्याच्या एकरांवर उभी असते.

पाण्याच्या पाळीचंही तेच. शेजपाळीत टोकापासून वर भिजवत यायचं असतं. रात्री वरचं दार कुणी उचललं हे चारीवर सगळ्यांना ठाऊक असतं. अध्यक्षानं एकदा कानाडोळा केला की पुढच्या पाळीला आणखी दोघं उचलतात, आणि टोकाचा माणूस पाणीपट्टी भरायचं थांबवतो. थकबाकी वाढली की आपण त्याच्या नावानं खडे फोडतो. राज्याच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडं दिलं, त्याबरोबर ही अवघड बोलणीही आपल्याकडं आली. पाटबंधारे खात्याच्या पाटकऱ्यावर ढकलायची सोय संपली.

मी आता अवघड विषय पत्रिकेवर पहिला घेतो. शेवटी ठेवला की लोक धारा काढायची वेळ झाली म्हणून उठतात. सभेआधी वरच्याला आणि खालच्याला बरोबर घेऊन चारीनं चालतो. खालच्या वावरात हातभर खड्डा काढला की पाणी लागतं. वरच्यानं ते स्वतः पाहिलं की सभेत त्याचा आवाज उतरतो. काही जण तरीही ऐकत नाहीत. एकानं माझ्याशी बोलणं टाकलंय, लग्नकार्यातही बघत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. चराची आखणी मात्र त्याच्या बांधावरूनच झाली आहे. त्याच्या पलीकडच्या, खालच्या रानातल्या माउलींनी यंदा आपल्या खारवलेल्या तुकड्यात को एम 0265 जातीचा ऊस लावलाय.