आईच्या किडनीतली गाठ

लघवीची जळजळ आईला नवीन नव्हती. मधुमेह जुना, त्यात डाव्या किडनीत मूतखडा. थंडी वाजून ताप आला की गावातले डॉक्टर गोळ्या देत, ताप उतरे आणि काही महिन्यांनी पुन्हा येई. गेल्या पावसाळ्यात मात्र ती खंगायला लागली. भूक मेली, ब्लाऊज सैल झाले, हिमोग्लोबिन उतरलं. डाव्या कुशीतलं दुखणं थांबेना.

सोनोग्राफीत किडनी सुजलेली दिसली, आत गाठही. मग सीटी स्कॅन झाला. रिपोर्टच्या शेवटी कर्करोगाची शंका लिहिली होती. आईला मी फक्त ‘खडा मोठा झालाय’ एवढंच सांगितलं. पुढचं बोलायचा धीर झाला नाही.

साताऱ्याहून पुण्याला युरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधी जुने कागद मागितले. वहिनीने सगळे एका पिशवीत जपून ठेवले होते, ते फार कामी आलं. लघवीच्या कल्चरमध्ये पुन्हा पुन्हा एकच जंतू होता, प्रोटिअस. या जंतूमुळे खडे वाढतात, खड्याने वाट अडते, आत पू साचतो. असं बरेच दिवस चाललं की चरबीने भरलेल्या पेशींचे गोळे तयार होतात आणि स्कॅनमध्ये ते हुबेहूब कॅन्सरसारखे दिसतात. आजाराचं नाव झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. मध्यमवयीन बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त आढळतो.

खडा, पू, वारंवार ताप, कल्चरमध्ये जंतू, हे सगळं इन्फेक्शनकडे बोट दाखवत होतं. पण वजन घटणं, रक्त कमी होणं, अगदी तापसुद्धा कॅन्सरमध्येही असू शकतो. क्वचित दोन्ही एकत्र असतात. म्हणून डॉक्टरांनी खात्री दिली नाही. टीबीसाठी सकाळची लघवी तपासली, त्यात काही निघालं नाही.

सुईने तुकडा काढून बघता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सुई एकाच जागी जाते. तिथे पू निघाला म्हणून बाजूला कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही. शिवाय दुसऱ्या एका स्कॅनमध्ये दिसलं की डावी किडनी जवळजवळ बंद पडली आहे आणि उजवी चांगली चालते. म्हणजे काहीही निघालं तरी डावी काढावीच लागणार होती. हे कळल्यावर निर्णय सोपा झाला.

आधी अँटिबायोटिक देऊन ताप उतरवला, साखर आटोक्यात आणली. किडनी आजूबाजूला घट्ट चिकटलेली होती, त्यामुळे ऑपरेशनला जास्त वेळ लागला. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. भावाला फोन लावला, पण थोडा वेळ मला बोलताच आलं नाही.

आता आईची साखर आणि क्रिएटिनिन नियमित तपासतो. घरात कुणाला लघवीचं इन्फेक्शन परत परत होत असेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरला लघवी द्या, सोनोग्राफी करून घ्या आणि जुना एकही रिपोर्ट टाकू नका. आणि ‘इन्फेक्शनच असेल’ म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन लांबवू नका.