मूठभर चिंध्या

दोस्तांनो, शिवणाच्या मशीनखाली साठलेल्या चिंध्या आईने टाकून यायला सांगितल्या, तर तुम्ही काय कराल? टाकून याल! मीही तेच करत असे. पण हल्याळला जाऊन आल्यापासून माझा हात अडखळतो.

बेळगावहून निघून खानापूर, नंदगड मागे टाकलं, की पुढे येतं कर्नाटकातलं हल्याळ. या तालुक्यात आणि यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. काही शतकांपूर्वी पोर्तुगीजांनी आणि इतर व्यापाऱ्यांनी त्यांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं. त्यातले काही जण निसटले, घाटातल्या जंगलात शिरले आणि इथलेच झाले. त्यांची कोकणी नीट कान देऊन ऐकली, तर आपल्याला बरीचशी कळते बरं का!

एका अंगणात एक आजी गोधडी शिवत बसल्या होत्या. तिथे तिला ‘कवंदी’ म्हणतात. खाली जुनी साडी पसरायची, कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि कडेकडेने चिंध्या टाचत आत आत, मध्यापर्यंत यायचं. ना पट्टी, ना खडू! कोपऱ्यांना घड्या घातलेली तिकोनी चिंधी लावतात. तिचं नाव ‘फुला’. ती नसेल, तर कवंदी उघडी दिसते म्हणे.

‘‘आजी, ही मला विकत द्याल?’’ मी विचारलं.

आजींनी मान हलवली आणि एका निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. तो त्यांच्या वारलेल्या लेकीच्या साडीचा होता. कवंदी होती नातीसाठी. मी अगदी ओशाळलो. आजी मात्र हसल्या आणि मूठभर चिंध्या माझ्या ओंजळीत टाकल्या.

त्यांचं काय करायचं? घरी येऊन मी वाडगा शिवायला घेतला. पहिला वाडगा गार झालेल्या पुरीसारखा बसला! मग एक युक्ती केली. जाड सुतळीवर चिंध्यांच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. ती सुतळी चकलीसारखी वळवत गेलो आणि शेजारशेजारचे वेढे सुईदोऱ्याने जोडले. तळ झाल्यावर प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा वर चढवला. वाडगा ताठ उभा राहिला!

उरलेल्या कापडाचे मणी केले. साधारण १५ सेंटिमीटर लांब, एका टोकाला २ सेंटिमीटर रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती अशी पट्टी कापा. रुंद टोकाकडून ती काडीवर गुंडाळा आणि शेवटच्या टोकाला डिंक लावा. मात्र काडीला डिंक लागू देऊ नका, नाहीतर मणी निघणारच नाही. माझे पहिले चार तसेच फुकट गेले!

आता तो वाडगा माझ्या टेबलावर आहे, मण्यांनी भरलेला. तुम्हीही करून बघा. फक्त कात्री लावण्याआधी घरात एकदा विचारा, ‘‘हे कापड कुणाचं होतं?’’ उत्तर ऐकायला थोडा वेळ काढून बसा हं!