तिसरा दिवस

सुनेने पाठवलेला तक्ता गेले दोन महिने माझ्या टेबलावर आहे. आठ दिवस, सात रात्री. नगरहून पुणे, पुण्याहून चेन्नई, तिथून अंदमान. डाव्या रकान्यात तारखा, पुढे मुक्काम, जेवण, बोटींच्या वेळा आणि शेवटी ‘पावसाची शक्यता’ नावाचा एक रकाना. पहिल्या चार दिवसांवर ‘रेनफॉरेस्ट ॲडव्हेंचर’ असा मथळा आहे, उरलेल्या चारांवर ‘बीच रिसॉर्ट’. खर्चाचा आकडा तिने मुद्दाम लपवलेला आहे. पण हॉटेलांची नावे उघडी असल्यामुळे तो मला अर्ध्या तासात सापडला. माझ्या निवृत्तिवेतनाचे कित्येक महिने त्यात बसतात. मुलगा म्हणाला, “बाबा, आकडा बघायचा नाही, एवढीच अट आहे.” आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला अशी अट घालणे सोपे असते, कारण हिशेब त्याला तसाही येत नाही असे सगळ्यांनी धरून ठेवलेले असते.

माझ्या पिढीच्या मराठी मनात अंदमान म्हणजे काळे पाणी. १९०६ मध्ये पूर्ण झालेले ते कारागृह, १९११ मध्ये तिथे नेलेले सावरकर, ‘माझी जन्मठेप’. जिथून परत येणे नाही असे ठिकाण. आता तिथे जाणाऱ्यांसाठी छापलेल्या पत्रकांवर पाणी निळे आहे, इतके निळे की खरे वाटू नये. नावेही बदलली. हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप झाले. आमचा जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला आणि त्याच वर्षी पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. निघायचे ठिकाण आणि पोहोचायचे ठिकाण अशी दोन्ही नवी नावे तक्त्यात आहेत. घरात बोलताना मात्र आम्ही अजून नगरहून पोर्ट ब्लेअरलाच जातो.

‘रेनफॉरेस्ट’ला मराठीत काय म्हणायचे, हा माझा पहिला आणि अर्थातच निरुपयोगी प्रश्न होता. वर्षावन, पर्जन्यवन, सदाहरित अरण्य असे शब्द पाठ्यपुस्तकांत आहेत. माणसांच्या तोंडी नाहीत. तोंडी आहे ते ‘जंगल’, आणि त्याची गंमत अशी की मूळ संस्कृतातला ‘जाङ्गल’ म्हणजे विरळ झाडीचा, कोरडा, कमी पाण्याचा मुलूख. आयुर्वेदाच्या ग्रंथांत भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार सांगितलेले आहेत. ओल्या, दाट, पाणथळ प्रदेशाला तिथे आनूप म्हणतात. त्या व्याख्येने पाहिले तर आमच्या जिल्ह्यातले खरे जंगल म्हणजे कर्जत, जामखेड, पाथर्डी. आणि ज्याला आपण जंगल म्हणतो ते अकोल्याचे पश्चिम टोक हे जंगलाच्या नेमके उलट. शब्दाने शेकडो वर्षांत ही कोलांटी कशी मारली हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाहावे. माझ्या घरात मात्र हे दोन्ही प्रदेश एकाच छपराखाली नांदतात.

मी अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या अंगाचा. आम्ही महादेव कोळी. माझी पत्नी पाथर्डी तालुक्यातली. आमचे लग्न दोन्ही घरांना पटलेले नव्हते, पण तो वेगळा विषय. १९७२ च्या दुष्काळात ती आठ वर्षांची होती. आईवडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत आणि मुले सुकडीची वाट पाहत बसत. मी मात्र चार महिने सूर्य न दिसणाऱ्या गावात वाढलो. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोच पाऊस अकोले गावापर्यंत येईतो दहाव्या हिश्श्यावर येतो, आणि पाथर्डीला पोहोचतो तेव्हा ते नक्षत्रांचे नशीब असते. कारण साधे आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीच्या भिंतीला थडकते, वर चढते, थंड होते आणि तिथेच रिते होते. भिंतीपलीकडे उरते ती सावली. डोंगर आणि समुद्र एकाच ‘पॅकेज’मध्ये देणारी पहिली संस्था म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे, असे मी सुनेला म्हणालो. ती हसली आणि तक्त्यात फेब्रुवारी महिना कायम ठेवला, कारण तेव्हा तिथे पाऊस जवळजवळ नसतो.

याचे मला नवल वाटले. ज्या अरण्याच्या नावातच पाऊस आहे ते पाहायला पाऊस नसताना जायचे. पण व्यवहार तिच्या बाजूने होता. अंदमानला दोन्ही मोसमांचा पाऊस मिळतो, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी बंद होतात आणि माणूस हॉटेलात अडकतो. शिवाय आपल्या घड्याळाने तिथे फेब्रुवारीत साडेपाचच्या आतबाहेर अंधार पडतो, म्हणून सगळे बेत पहाटेपासून मांडावे लागतात. हे सगळे तिने तपासले होते. गर्जन आणि पडौक ही तिथली उंच झाडे, खाडीतली कांदळवने, हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यापर्यंत उतरत आलेले दाट रान, आणि त्या रानात बांधलेली, खाजगी तलाव असलेली कुटी. पत्नीने छायाचित्रातला तो तलाव बराच वेळ पाहिला. “यात किती हंडे मावतील हो?” मी अंदाज सांगितला. ती म्हणाली, “आमच्या वाडीचा आठवडा निघाला असता.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण मी उतरणार त्यात. जंगल तुमचं, पाणी माझं.”

तिच्या या वाक्यात मला कुठेही अपराधभाव दिसला नाही, आणि तो असावा असेही मला वाटत नाही. चैन ही दुसऱ्यांनी करायची गोष्ट आहे असे मानत आमची पिढी म्हातारी झाली. पाण्यात पाय सोडून नुसते बसणे या सुखावर टँकरमागे धावलेल्या मुलीचा हक्क इतर कुणाहूनही अधिक आहे. इतकी नोंद मात्र मी केली की पोर्ट ब्लेअरला धनीखारी धरणातून पाणी मिळते आणि उन्हाळ्यात तिथे पाण्याचे रेशनिंग होते. धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये कोरडे नळ, ही जोडी मला ओळखीची आहे. आमच्या गावाच्या वरच्या वाड्यांनाही उन्हाळ्यात टँकर लागतो. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात आमचा पाऊस साठतो आणि प्रवरेच्या कालव्यांनी खाली जाऊन उसात उतरतो. पडणारा पाऊस आणि मिळणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी शिकलो.

असो. अडले ते तिसऱ्या दिवसापाशी.

तिसऱ्या दिवशी बाराटांग होते. पहाटे निघायचे, खाडीतून कांदळवनांमधून बोटीने चुनखडीच्या गुहांपर्यंत जायचे. सुंदर असणार यात शंका नाही. पण तिथे नेणारा रस्ता जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. ठरावीक वेळी गाड्यांचा ताफा पोलीस बंदोबस्तात सोडतात. थांबायला, छायाचित्रे घ्यायला, काही द्यायला मनाई असते. १९५६ च्या नियमाने या जमातींना संरक्षण आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायला सांगितले होते. तो बंद झाला नाही. २०१२ च्या जानेवारीत एक चित्रफीत जगभर दाखवली गेली. तिच्यात जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात नाचायला सांगितले जात होते. ज्यांची संख्या काही शेकड्यांत आहे, ते लोक खिडकीतून दिसण्याची ‘शक्यता’ हे त्या सहलीचे न छापलेले आकर्षण आहे. प्रवास कंपनीच्या माणसाने फोनवर सुनेला तसे सुचवलेही: नशीब असेल तर दिसतात.

तक्त्यात तो दिवस हिरव्या रंगाने भरलेला होता. मी तो वाचला आणि मला आमच्या गावचा रस्ता आठवला.

१९७८ चा श्रावण. मी पंधरा वर्षांचा. आवणी चालू होती. आई आणि दोन चुलत्या डोक्यावर इरली घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून काळभाताची रोपे लावत होत्या. बांधावर मी रोपांच्या जुड्या पुरवत होतो. धरण पाहायला आलेली एक गाडी रस्त्यावर थांबली, काच खाली झाली. आतल्या गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे विचारले, बाईंचा फोटो काढला तर चालेल का. आईला काय विचारले ते नीट कळले नाही. ती ताठ उभी राहिली. त्यांनी हाताने खूण केली: नाही, वाका, काम करताना पाहिजे. ती वाकली. मग तिला मान वर करून हसायला सांगितले. ती हसली. त्यांनी दहा रुपयांची नोट माझ्या हातात दिली आणि गाडी गेली. त्या दिवशी आईची मजुरी धरली असती तरी दहा रुपये झाली नसती. त्या नोटेचे मीठ आणि रॉकेल आले, इतके मला स्वच्छ आठवते.

त्या गृहस्थांनी काहीही वाईट केले नव्हते. विचारले होते, पैसे दिले होते, भाषा सभ्य होती. तरी ते छायाचित्र कुणाच्या तरी घरात असेल किंवा कधीच टाकून दिले गेले असेल, आणि आमच्याकडे आईचे इरल्यातले एकही छायाचित्र नाही. १९९४ मध्ये ती गेली तेव्हा वर्तमानपत्रात द्यायला म्हणून आम्ही मतदार यादीसाठी काढलेला फोटो मोठा करून घेतला. त्यात ती भेदरलेली दिसते.

जारवांशी स्वतःची तुलना करण्याचा उद्धटपणा मला करायचा नाही. आम्हाला शाळा मिळाली, मत मिळाले, नोकरी मिळाली, बोलायला भाषा मिळाली. या क्षणी मी तुमच्याशी बोलतो आहे. माझे म्हणणे एवढेच की काचेच्या कुठल्या बाजूला आपण बसलो आहोत हे ज्याला एकदा कळले, त्याला दुसऱ्या बाजूला बसताना ते विसरता येत नाही. आपल्या प्रवासवर्णनांचा मोठा भाग ‘मी काय पाहिले’ याने भरलेला आहे. पाहिल्या गेलेल्यांनी लिहिलेले पान त्यात कुठे आहे, हे विद्यार्थ्यांना विचारायचे मला इतक्या वर्षांत सुचले नाही. सुचले ते सहलीचा तक्ता वाचताना.

मी सुनेला हे सांगितले तेव्हा ती गप्प बसली. मला वाटले, तिला लागले. मग तिने विचारले, “बाबा, मग भंडारदऱ्याला लोकांनी यायचंच नाही का?” प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मी भाच्याला फोन केला. तो जलाशयाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये काम करतो आणि मेअखेरीपासून काजव्यांच्या दिवसांत गावात तंबू लावतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांवर काजवे लखलखतात तेव्हा मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. दिव्यांच्या झोतांनी काजवे बिथरतात हे त्याला माहीत आहे. पाहुण्यांना दिवे बंद करायला सांगून त्याचा घसा बसतो. तो म्हणाला, “मामा, माणसं आली पाहिजेत. नाही आली तर पोरं नाशिकला हमालीला जातील. फक्त इचारून यावं, आन् सांगितलं तेवढंच बघावं.” मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, “तिकडं रूम साफ करणाऱ्या पोराला टिप देत जा. मॅनेजरच्या हातात नका देऊ.”

नियोजनाच्या पुस्तकांत न सापडणारे दोन नियम मला एका फोनमध्ये मिळाले. विचारून जावे, आणि ज्याला विचारताच येत नाही, ज्याचे ‘नाही’ आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाटच नाही, त्याच्या दारावरून जाऊ नये. आईला निदान विचारले गेले होते. ती ‘नाही’ म्हणू शकली असती का, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही.

बाराटांग रद्द झाले. त्याची काही रक्कम बुडाली. किती, ते मला सांगितलेले नाही. बाकी सगळे तसेच आहे: बोट, राधानगरचा किनारा, पडौकांच्या सावलीतली कुटी, तलाव. मी त्या सगळ्याची लहान मुलासारखी वाट पाहतो आहे, हे कबूल केले पाहिजे. लहानपणी कोकणकड्यावरून खाली पसरलेले पांढरे धुके पाहून मी चुलत्याला विचारले होते, “हाच समुद्र का?” तो “हो” म्हणाला होता. खरा समुद्र मी पुढे पाहिला, पण घाईत, शाळेच्या सहलीतली पन्नास मुले मोजत. त्याच्याकाठी काही काम नसताना बसण्याचा प्रसंग आता, त्रेसष्टाव्या वर्षी येतो आहे.

सुनेने काल सुधारलेला तक्ता पाठवला. तिसऱ्या दिवसाचा हिरवा रंग काढून टाकला आहे. त्या ओळीत मुक्काम आहे, जेवण आहे, पावसाची शक्यता ‘कमी’ अशी नोंद आहे. कार्यक्रमाचा रकाना मात्र कोरा आहे. त्या दिवशी काय करायचे म्हणून मी पत्नीला विचारले.

“काही नाही,” ती म्हणाली. “बसू. कुणी काही विचारलं तर सांगू, पाथर्डीहून आलोय.”